कलेला छप्पर हवे, पण ते सर्वांचे हवे

सीमाभागातील खेड्यांत मराठी टिकली ती केवळ मोर्चे आणि ठरावांमुळे नव्हे. भजनी मंडळाच्या टाळांत, गणेशोत्सवातील नाटकांत आणि वाचनालयात पेपरभोवती जमणाऱ्या घोळक्यातही ती टिकली. पण या मंडळांची आज अवस्था काय? तालीम कुणाच्या तरी सोप्यात, पेटी-तबला एकाच्या माळ्यावर, लेझीम दुसऱ्याच्या गोठ्यात. घरमालकाकडे लग्न निघाले की तालीम बंद! माणसे आहेत, हौस आहे. नाही ती जागा.

मात्र गावात मंडळे पाच, म्हणून इमारतीही पाच हव्यात, हा हट्ट आम्हांस मान्य नाही. १९७४ मध्ये मुंबईत दादरच्या छबिलदास शाळेच्या सभागृहात 'आविष्कार' या संस्थेने नाट्यप्रयोग सुरू केले. तिथे ना मखमली पडदा, ना गुबगुबीत खुर्च्या. पण ती जागा इतर हौशी संस्थांनाही मिळत गेली आणि प्रायोगिक मराठी रंगभूमीच्या एका सबंध कालखंडाला त्या शाळेचेच नाव पडले. पुढे 'आविष्कार'ला ती जागा सोडावी लागली, हेही विसरून चालणार नाही. परक्या जागेत संसार मांडायचा तर व्यवहार लेखी हवा, हा त्यातला धडा.

गोव्यात १९७० साली स्थापन झालेल्या कला अकादमीने नाटक, संगीत, नृत्य यांना एका छपराखाली आणले. तेथे सरकारचे पाठबळ होते. आपल्याला तेवढ्या मोठ्या वास्तूची गरज नाही. संध्याकाळी रिकामी पडणारी शाळेची खोली किंवा देवळाचा सभामंडप पुरे. वार वाटून घ्यावेत: दोन दिवस भजन, दोन दिवस नाटक, एक दिवस मुलांचे गायन, एक दिवस महिला मंडळ. प्रत्येक मंडळाचा एक प्रतिनिधी समितीवर असावा. वीजबिलाचा वाटा ठरलेला असावा, सामानाला कुलपाचे कपाट असावे आणि हिशेबाची वही सर्वांना पाहता यावी. भिंतीवर कोणत्याही पक्षाचा फलक नको. मानपानाची भांडणे उंबऱ्याबाहेरच राहावीत.

या जागेचे दार कानडी भजनी मंडळालाही उघडे असावे, असे आमचे स्पष्ट मत आहे. विष्णुदास भाव्यांनी १८४३ मध्ये सांगलीत मराठी नाटक उभे केले ते कर्नाटकातील भागवत मंडळींचे खेळ पाहून. संगीत नाटकाचे अध्वर्यू अण्णासाहेब किर्लोस्कर जन्मले बेळगाव जिल्ह्यातील गुर्लहोसूरला. कलेच्या या देवघेवीने आपले मराठीपण कमी झाले नाही, उलट वाढले.

राज्यघटनेच्या २९ व्या कलमाने आपली भाषा, लिपी आणि संस्कृती जतन करण्याचा हक्क दिला आहे. २०२४ साली मराठीला अभिजात भाषेचा दर्जाही मिळाला. परंतु हक्काने आणि दर्जाने तालमीचा दिवा लागत नाही. इंग्रजी शाळेत जाणारे पोर मराठी संवाद पाठ करील, तो नाटकात भूमिका मिळाली तरच. सीमाप्रश्नाचा निकाल लागायचा तेव्हा लागेल. तोवर ते पोर थांबणार नाही.

म्हणून गावोगावच्या मंडळांना आमची विनंती आहे. येत्या गणेशोत्सवाच्या वर्गणीतून मांडवावरचा थोडा खर्च वाचवा, एकत्र बसा आणि एक खोली ठरवा. मांडव दहा दिवसांनी उतरतो; खोली वर्षभर उपयोगी पडेल.