उमेदवारी आणि विद्यावेतन

ज्या घरांत सध्यां कोणी मुलगा वा मुलगी महाविद्यालयांत जात आहे, त्या घरांत 'ऑन जॉब ट्रेनिंग' हे शब्द एव्हांना कानांवर आलेच असतील. नवें राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० सालीं जाहीर झालें. त्यास अनुसरून महाराष्ट्र शासनानें २०२३-२४ पासून पदव्युत्तर वर्गांची आणि २०२४-२५ पासून संलग्न महाविद्यालयांतील पदवीच्या वर्गांची फेररचना केली, आणि तींत या विषयास जागा दिली. विद्यार्थ्यानें एखाद्या कचेरींत, कारखान्यांत, दवाखान्यांत किंवा पेढीवर प्रत्यक्ष काम करावयाचें आणि त्या कामाचे श्रेयांक पदवीच्या हिशोबांत धरावयाचे, असें त्याचें स्वरूप आहे. चार श्रेयांकांस एकशें वीस तास. कल्पना उत्तम आहे, याविषयीं आमच्या मनांत तिळमात्र शंका नाहीं. पदवीधर झालेल्या मुलास साधा अर्ज कोणाच्या नांवें लिहावा हें ठाऊक नसतें, ही ओरड आपण सर्वांनीं कित्येक वर्षें केली आहे. तिजवर कांहीं उपाय निघत असेल तर त्याचें स्वागतच केलें पाहिजे. परंतु या एकशें वीस तासांचा मोबदला कोणी द्यावयाचा, किंबहुना द्यावयाचा कीं नाहीं, हा प्रश्न मोघम राहिला आहे. तो मोघम राहिल्यानें कोणाचें काय होतें, हें पुण्या-मुंबईहून नीटसें दिसत नाहीं. म्हणून आज आम्ही वाचकांस पाटोद्यास नेऊं इच्छितों.

छत्रपती संभाजीनगराजवळ स्वच्छतेबद्दल नांवाजलेलें एक पाटोदा आहे, तें हें नव्हे. आमचें पाटोदा बीड जिल्ह्यांतील तालुक्याचें गांव. मांजरसुंब्याहून जामखेडकडे जाणाऱ्या रस्त्यावर, बालाघाटाच्या पठारावर वसलेलें. मांजरा नदी याच तालुक्यांत उगम पावते आणि पावसाळ्यांत सौताड्याचा धबधबा पाहावयास दूरदूरचे लोक येतात. पण पाण्याचा उपभोग खालच्या मुलखास आणि उगमाकडच्या माणसांच्या वांट्यास कोरडी जमीन, असा येथील न्याय आहे. दसरा-दिवाळी उरकली कीं गांवोगांवचे कोयते निघतात. ऊंसतोडीच्या धंद्यांत नवरा-बायकोच्या जोडीसच 'कोयता' म्हणतात, आणि मुकादमाकडून आगाऊ घेतलेल्या रकमेस 'उचल'. ती उचल फेडण्यासाठीं पश्चिम महाराष्ट्रांत किंवा कर्नाटकांत ऊंस तोडावयाचा आणि चैत्राच्या आगेंमागें परत यावयाचें, हा बीड जिल्ह्यांतील असंख्य कुटुंबांचा दर वर्षाचा क्रम आहे.

याच गांवीं पद्मभूषण वसंतदादा पाटील महाविद्यालय आहे, आणि तें डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठास जोडलेलें आहे. हें विद्यापीठ स्थापन झालें १९५८ सालीं. त्यापूर्वीं, निजामी अमदानींत, मराठवाड्यांतील मुलास पदवी घ्यावयाची तर बहुधा हैदराबादेस जावें लागे, आणि तेथील उस्मानिया विद्यापीठांत शिक्षणाचें माध्यम उर्दू असे. तेव्हां तालुक्याच्या गांवीं, आपल्या भाषेंत, पदवीचा वर्ग मिळणें ही या भागांतील दोन-तीन पिढ्यांची कमाई आहे. आज त्या वर्गांत बसलेल्या मुलामुलींपैकीं पुष्कळांच्या घरांत पदवीपर्यंत पोंचलेलें तें पहिलेंच माणूस असतें.

अशा एका घरांतील मुलगी आपण डोळ्यांपुढें आणूं. आईबाप कोयता घेऊन गेलेले. घरीं आजी, धाकटीं भावंडें आणि एखादी शेळी. हिला एकशें वीस तास काम करावयाचें आहे. कोठें? पाटोद्यास तहसील कचेरी आहे, पंचायत समिति आहे, नगरपंचायत, ग्रामीण रुग्णालय, बँका व शाळा आहेत. पण मोठा कारखाना नाहीं, कीं मोठी पेढी नाहीं. या कचेऱ्यांनीं मनावर घेऊन थोडे थोडे विद्यार्थी सामावून घेतले तरी वर्गांतील सर्वांची सोय होणें कठीण. उरलेल्यांनीं बीडास जावें, त्यापुढें पुण्यास जावें. मार्च २०२३ पासून एस. टी. मध्यें स्त्रियांस अर्धें भाडें झालें आहे, हा एक दिलासा म्हणावयाचा. पण अर्धें भाडेंही रोजचें द्यावें लागतें, दुपारचें खाणें बाहेर होतें, आणि तेवढे दिवस शेतावरची मजुरी बुडते ती निराळीच. रोज आठ तासांच्या हिशोबानें एकशें वीस तासांचे पंधरा दिवस होतात. रोजगार हमीच्या कामावर महाराष्ट्रांत २०२५-२६ सालासाठीं ३१२ रुपये रोज ठरला होता. त्या दरानें पंधरा दिवसांचे ४,६८० रुपये झाले. आमच्या वाचकांस ही रक्कम फार वाटणार नाहीं. कित्येक घरांतून मुलांच्या एका महिन्याच्या शिकवणीस याहून अधिक पैसे पडतात. पाटोद्याच्या त्या घरीं मात्र हा दोन-अडीच महिन्यांचा किराणा असूं शकतो, आणि पदवीच्या नांवाखालीं तो त्या घराकडून मागितला जात आहे.

यांत विशेष वाटतें तें असें कीं, रोजगार हमीचा जन्म आपल्याच राज्यांतला. १९७२ च्या दुष्काळांत खडी फोडणाऱ्या, नालाबांध घालणाऱ्या हातांस दाम मिळाला पाहिजे हें तत्त्व वि. स. पागे यांच्या प्रयत्नांनीं महाराष्ट्रानें मान्य केलें आणि १९७७ सालीं त्याचा कायदा केला. केंद्रास तसा कायदा करावयास २००५ साल उजाडलें. त्या दुष्काळाची झळ ज्या जिल्ह्यांस अधिक लागली त्यांत बीड होतें. आजी-आजोबांच्या घामास ज्या राज्यानें कायद्यानें मोल दिलें, त्याच राज्याच्या अभ्यासक्रमांत नातीचें काम फुकट धरलें जावें, ही संगति आम्हांस लावतां येत नाहीं.

यावर एक उत्तर ठरलेलें आहे. विद्यार्थी शिकावयास येतो; त्यास काम शिकवितांना वेळ मोडतो, माल नासतो; उलट त्यानेंच शिकविणाराचे उपकार मानले पाहिजेत; मग त्यास वेतन कसलें? हें उत्तर आमच्या घरांतूनच अधिक ऐकूं येतें, म्हणून आमच्या घरांतलेंच उदाहरण घेऊं. पूर्वीं गुरुगृहीं राहणारा शिष्य पाणी भरी, समिधा आणी, गुरें राखी. पण तो गुरूच्या घरीं जेवत असे. इंग्रजी विद्येच्या काळांत गरीब ब्राह्मणाचा मुलगा शिकावयास पुण्यास आला तर त्याच्यासाठीं वार लागत, माधुकरी मिळे. आज आपण ज्यांचीं नांवें आदरानें घेतों अशा कितीतरी विद्वानांचें शिक्षण वारांच्या अन्नावर झालें आहे. त्या व्यवस्थेचें गुणगान करण्याचा आमचा हेतु नाहीं. ती एका जातीपुरतीच होती, आणि वार लावून जेवणाऱ्या मुलास जो पाणउतारा सोसावा लागे तोही सर्वश्रुत आहे. परंतु शिकणाऱ्याच्या पोटाची तजवीज कोणीतरी केली पाहिजे, एवढें तिला कळत होतें.

दुसरीही एक जुनी रीत होती आणि ती मात्र वाईट होती. 'उमेदवार' या शब्दाचा अर्थ आशा धरून बसलेला. कचेरींत कारकुनाची जागा आज ना उद्यां मिळेल या आशेवर महिनेच्या महिने बिनपगारी नकला करणाऱ्या तरुणांस उमेदवार म्हणत, आणि त्या खर्डेघाशीस उमेदवारी. ती कोणास परवडत असे? ज्याच्या घरीं वतन होतें, भिक्षुकी होती, निदान शहरांत काका होता, त्यालाच. उरलेल्यांनीं गुणवत्ता असूनही कचेरीचा उंबरठा ओलांडला नाहीं, आणि मग जागा भरतांना तीं तींच आडनांवें पुनःपुन्हां दिसूं लागलीं. बिनपगारी कार्य-प्रशिक्षणाच्या रूपानें हीच उमेदवारी पदवीच्या वर्गांत शिरत आहे, हें आमचें म्हणणें आहे.

काम हा शिक्षणाचा भाग असला म्हणजे त्यास दाम देतां येत नाहीं, असें मुळींच नाहीं. वैद्यकीय पदवीच्या शेवटीं वर्षभर रुग्णालयांत काम करणाऱ्या मुलांस विद्यावेतन मिळतें. सनदी लेखापालाच्या हाताखालीं आर्टिकलशिप करणाऱ्यांस तें देणें नियमानेंच बंधनकारक आहे. शेतकीच्या पदवीचीं मुलें शेवटच्या वर्षीं खेड्यांत जाऊन राहतात. त्यांस गांवकरी कृषिदूत आणि कृषिकन्या म्हणतात. देवळापुढें किंवा ग्रामपंचायतीच्या अंगणांत रांगोळीनें गांवचा नकाशा काढणें, मातीचा नमुना कसा घ्यावा तें दाखविणें, निंबोळीचा अर्क करावयास शिकविणें, अशीं त्यांचीं कामें बीड जिल्ह्यांतील खेड्यांसही अपरिचित नाहींत. त्यांच्या या कामासाठीं भारतीय कृषि अनुसंधान परिषदेनें दरमहा तीन हजार रुपये, जास्तींत जास्त सहा महिने, ठरविलेले आहेत. एकाच गांवांत शेतकीच्या विद्यार्थ्यानें केलेलें काम मोबदल्यास पात्र आणि तहसिलींत कला शाखेच्या विद्यार्थिनीनें केलेलें काम अपात्र, हा भेद कोणत्या तत्त्वावर केला?

परदेशांतही ही गोष्ट नवी नाहीं. अमेरिकेंत सिनसिनाटी विद्यापीठांत हर्मन श्नायडर या अध्यापकानें १९०६ सालीं अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांच्या जोड्या लावल्या: एक आठवडा एकानें वर्गांत बसावें आणि दुसऱ्यानें कारखान्यांत राबावें, पुढच्या आठवड्यांत अदलाबदल, कारखान्यानें पगार द्यावा. कॅनडांतील वॉटर्लू विद्यापीठानें १९५७ पासून हीच पद्धति मोठ्या प्रमाणावर चालविली आहे, आणि ज्या मराठी कुटुंबांचीं मुलें तेथें शिकत आहेत त्यांस त्या पगारी सत्रांचा उपयोग आम्हीं सांगावयास नको. आमच्याकडे तर कर्मवीर भाऊराव पाटलांनीं १९४७ सालीं साताऱ्यास छत्रपति शिवाजी महाविद्यालय काढलें तेंच 'कमवा व शिका' या पायावर.

मग अडलें कोठें? सरकारजवळ पैसा नाहीं म्हणावें, तर जुलै २०२४ मध्यें राज्यानें मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना काढली आणि बारावी झालेल्यास दरमहा सहा हजार, पदविकाधारकास आठ हजार, पदवीधरास दहा हजार विद्यावेतन सहा महिने द्यावयाचें ठरविलें. पुढें ती मुदत वाढविलीही. पण ज्याचें शिक्षण चालू आहे तो या योजनेस अपात्र! केंद्राच्या २०२४ च्या प्रधानमंत्री इंटर्नशिप योजनेंतही पूर्ण वेळ शिकणारास मज्जाव. म्हणजे पदवी घेऊन मूल घरीं बसलें कीं सरकार पैसे देऊन काम शिकविणार, आणि पदवी घेत असतां तेंच काम फुकट करवून घेणार. १९६१ च्या शिकाऊ उमेदवारी कायद्याच्या आधारानें पगारी उमेदवारी पदवींतच गुंफावी, असे विद्यापीठ अनुदान आयोगाचे २०२५ चे मार्गदर्शक नियम आहेत, व तीन वर्षांच्या पदवींत एकापासून तीन सत्रांपर्यंत अशी उमेदवारी ठेवण्याची मुभा त्यांत आहे. हा मार्ग चांगला. पण तो जेथें कारखाने आहेत तेथें फळेल. पाटोद्याच्या वाट्यास त्यांतून काय येईल, याची आम्हांस शंकाच वाटते.

पैसा नाहीं आणि जागाही नाहीं, अशा ठिकाणीं जें व्हावयाचें तेंच होतें. ओळखीच्या दुकानदाराचा शिक्का घ्यावा, हजेरीचा कागद एका बैठकींत भरावा आणि श्रेयांक पदरांत पाडून घ्यावे. विद्यार्थ्यास दोष देणें सोपें आहे. ज्यास एकशें वीस तास खरेंच परवडत नाहींत त्यास आपण खोटें बोलण्यास भाग पाडतों, आणि पदवीच्या कागदावर तें खोटें कायमचें छापून ठेवतों. त्याच वर्षीं पुण्यास काका आणि मुंबईस आत्या असलेला मुलगा चांगल्या पेढींतून खरा अनुभव व खरें प्रमाणपत्र घेऊन बाहेर पडतो. दोघांचे श्रेयांक सारखे, पण पुढें नोकरीच्या दारांत दोघांस सारखें कोण मोजणार?

आमच्या सूचना थोड्याच आहेत. युवा कार्य प्रशिक्षणासारखी योजना राज्य जेव्हां राबवील तेव्हां तींत चालू विद्यार्थ्यांस त्यांच्या एकशें वीस तासांपुरती जागा द्यावी. रोजगार हमीचा रोज हा किमान दर धरावा. तालुक्याच्या कचेऱ्यांनीं दर वर्षीं किती विद्यार्थी घेणार तो आंकडा आधीं जाहीर करावा. आणि हें काम वार्षिक परीक्षा आटोपल्यावर, मे महिन्यांत ठेवावें. त्या वेळीं कोयते परत आलेले असतात, घरांत मोठीं माणसें असतात, आणि धाकट्या भावंडांस टाकून मुलीस बाहेर पडतां येतें. ऊन कडक असतें खरें. पण ऊंसाच्या फडापेक्षां तहसिलींतली सावली बरी.

आतां वाचकांकडे वळतों. आमच्या वाचकांत सनदी लेखापाल आहेत, वकील, डॉक्टर, छापखानेवाले आहेत, कोणाची औषधांची पेढी आहे, कोणी पतसंस्थेचे चालक आहेत. त्यांच्याकडे मे महिन्यांत मित्राचा मुलगा किंवा भावाची मुलगी प्रशिक्षणासाठीं येतेच. तिच्या जोडीस एक विद्यार्थी असा घ्यावा कीं ज्याचें आडनांव आपल्या परिचयाचें नाहीं. त्यासाठीं पाटोद्यासारख्या गांवच्या प्राचार्यांस फाल्गुनांतच पत्र घालावें, म्हणजे मुलांस तयारीस वेळ मिळेल. पंधरा दिवसांचा रोज पहिल्याच आठवड्यांत अर्धा द्यावा. शेवटीं देतों म्हटल्यास गाडीभाड्यालाच उचल घ्यावी लागते. प्रमाणपत्रांत 'समाधानकारक' एवढाच शब्द न लिहितां काय काय काम करून घेतलें तें लिहावें. बाहेरगांवच्या मुलीस पंधरा दिवस राहावयास खोली कोठें मिळेल, हा प्रश्न मे महिन्यांत वसतिगृहें बंद असल्यानें सर्वांत अवघड आहे. ज्यांच्या घरीं मुलें परदेशीं गेल्यामुळें एखादी खोली रिकामी आहे, त्यांनीं यजमानीणबाईंशीं बोलून ती देतां येईल काय, तें पाहावें.