टाकीतल्या अळीची पुढची नोंद

प्रति,
मा. आयुक्त,
बृहन्मुंबई महानगरपालिका



पावसाळा तोंडावर आला की कीटकनाशक विभागाचे कामगार शिड्या घेऊन गच्च्यांवर चढतात. टाकीचे झाकण उचलायचे, बॅटरीचा झोत पाण्यावर टाकायचा, डिपर (लांब दांड्याची पळी) बुडवून वर काढायचा. पाण्याला समांतर, आडवी पडलेली अळी दिसली तर ती अ‍ॅनॉफिलीस डासाची. डोके खाली करून लोंबकळणारी असेल तर क्युलेक्स नाहीतर एडिस. मग नोंद होते, औषध पडते, सोसायटीला नोटीस जाते. हे काम कष्टाचे आहे आणि त्याचे कौतुक फारसे कोणी करत नाही. या पत्रात मागणी आहे ती त्या नोंदवहीत आणखी एका रकान्याची.

मुंबईतल्या हिवतापाचा मुख्य वाहक अ‍ॅनॉफिलीस स्टीफेन्सी. त्याला हे नाव 1901 साली लिस्टन यांनी दिले. आज हाफकिन संस्था म्हणून ओळखल्या जाणाऱ्या परळच्या प्रयोगशाळेचे ते पुढे संचालक झाले. 1911 साली डॉ. चार्ल्स बेंटली यांच्या अहवालाने या डासाचे घर शहरातल्या विहिरींत असल्याचे दाखवून दिले. विहिरी झाकायची, बुजवायची मोहीम निघाली, तेव्हा धर्मभावना आडव्या आल्या आणि बरेच वाद झाले. चर्चगेटजवळची 1725 सालची भिखा बेहराम विहीर अजून आहे. बाकीच्या बहुतेक गेल्या. पण शहराने तेच स्वच्छ, साठवलेले पाणी गच्चीवरच्या टाक्यांत चढवले, आणि डासही त्याच्यामागून वर गेला. पुढे टॉवर उभे राहू लागले, तसे त्याला लिफ्टचे खड्डे, तळघरे आणि स्लॅबवर क्युअरिंगसाठी तुंबवलेले पाणीही मिळाले. 2010 सालच्या साथीत शंभराहून अधिक मुंबईकर हिवतापाने दगावले.

मात्र ‘स्टीफेन्सी सापडला’ एवढ्यावर काम भागत नाही, कारण स्टीफेन्सीची तीन रूपे आहेत: टाइप, इंटरमीडिएट आणि मायसोरेन्सिस. नुसत्या डोळ्यांना तिन्ही सारखीच दिसतात. भेद कळतो तो अंड्यात. अंडे होडीच्या आकाराचे, दोन्ही कुशींना हवेने भरलेले तरंगक, आणि त्या तरंगकांवर आडव्या कडा. सूक्ष्मदर्शकाखाली त्या मोजायच्या. टाइपमध्ये 14 ते 22, इंटरमीडिएटमध्ये 12 ते 17, मायसोरेन्सिसमध्ये 9 ते 15. आकडे एकमेकांत घुसतात, त्यामुळे एका अंड्यावरून निकाल देता येत नाही. एकेका मादीची बरीच अंडी तपासावी लागतात. काम किचकट आहे खरे. पण टाइप रूप शहरात राहणारे आणि हिवताप पसरवण्यात तरबेज, तर मायसोरेन्सिस खेड्यातल्या गोठ्यांभोवती रमणारे, जनावरांच्या रक्तावर भागवणारे. ज्या महानगरात टोलेजंग इमारतींपासून काही अंतरावर तबेलेही आहेत, तिथे कोणत्या वॉर्डात कोण आहे हे ठाऊक नको का?

अंड्याच्याही आत जाता येते. 2014 साली स्टीफेन्सीच्या भारतीय वाणाचा जनुकसंच वाचून झाला.  महापालिकेच्या रोजच्या कामाशी थेट नाते आहे ते मज्जातंतूंवरील सोडियम वाहिनीच्या जनुकातल्या बदलांशी. असा एकच बदल डीडीटी आणि पायरेथ्रॉइड या दोन्ही प्रकारच्या औषधांची धार बोथट करू शकतो. धुराची गाडी गल्लीतून गेली की रहिवाशांना बरे वाटते. डासाला काय वाटले ते तपासल्याशिवाय कळत नाही.

लक्ष ठेवण्याजोगा दुसरा डास आहे अ‍ॅनॉफिलीस सबपिक्टस. डबक्यांत, खाचरांत वाढणारा हा डास पश्चिम किनाऱ्यावर पूर्वीपासून निरुपद्रवी मानला जाई. गोव्यातल्या संशोधकांना मात्र त्याच्या शरीरात माणसाच्या हिवतापाचे परजीवी सापडले, आणि 2016 साली ते निष्कर्ष प्रसिद्धही झाले. त्याच्याही चार भावंड-जाती आहेत, ए, बी, सी, डी. त्यातली बी किनाऱ्यावरच्या मचूळ पाण्यात वाढते. खाड्या, मिठागरे, खाजण यांनी वेढलेल्या शहराने या बातमीकडे काणाडोळा करू नये.

स्टीफेन्सी आता परदेशीही गेला आहे. 2012 साली जिबूतीच्या बंदरात तो आढळला तेव्हा त्या देशात हिवतापाचे अवघे 27 रुग्ण नोंदलेले होते. 2020 साली सत्तर हजारांवर गेले. श्रीलंका 2016 साली हिवतापमुक्त जाहीर झाली, आणि त्याच वर्षाअखेरीस मन्नारच्या विहिरींत हा डास निघाला. तिकडचे शास्त्रज्ञ त्याचे नाते शोधायला दक्षिण आशियातले नमुने मागतात. ज्या शहरात त्याचा अभ्यास शतकापूर्वी सुरू झाला, तिथली वॉर्डनिहाय माहिती सर्वांना खुली असायला हवी.

त्यासाठी नवे खाते उघडायला नको. प्रत्येक वॉर्डातल्या थोड्या टाक्यांमधल्या अळ्या प्रयोगशाळेत वाढवाव्यात, माद्यांची अंडी मोजावीत. त्यांच्याच पिढीतल्या काही माद्या औषध लावलेल्या कागदाच्या नळीत एक तास ठेवून 24 तासांनी मेलेल्या मोजाव्यात. 90 टक्क्यांहून कमी मेल्या, तर ते औषध त्या वॉर्डात बदलावे लागेल. हाफकिन परळलाच आहे. रुग्णसंख्या आपण प्रसिद्ध करताच; तिच्या शेजारी हा तक्ता येत्या मे महिन्यात, फवारणीचे औषध ठरवण्याआधी, संकेतस्थळावर टाकावा.

कळावे.

एक मुंबईकर