दुरुस्तीचे पैसे मिळाले, भाड्याच्या ट्रॅक्टरचे कोण देणार?



आज पिकावर लिहीत नाही. दुसऱ्याने आपल्या ट्रॅक्टरला ठोकलं आणि ट्रॅक्टर पंधरा-वीस दिवस गॅरेजला पडला, तर त्या दिवसांत लावलेल्या भाड्याच्या ट्रॅक्टरचा खर्च कोणी सोसायचा, यावर लिहितोय. माझं मत सरळ आहे. चूक ज्याची, भाडंही त्याचंच. पण आपल्याकडे तडजोडीला बसलेली चार शहाणी माणसंसुद्धा म्हणतात, "अरे, गाडी नीट करून देतोय ना तो, मग आणखी काय पाहिजे?"

काय पाहिजे ते सांगतो. सोयाबीन निघालं की हरभऱ्याचं रान करायला हातात आठ-दहा दिवस असतात. वाफसा आहे तोवर पेरायचं, गेला की पाणी देऊन परत वाट बघत बसायचं. वाफसा काही गॅरेजवाल्याची तारीख विचारून येत नाही. त्यामुळं अशा वेळी भाड्याचा ट्रॅक्टर लावणं ही कुणाची हौस नसते. तो खर्च त्या धडकेतूनच आलेला असतो, जसा मोडलेला रिम धडकेतून आलेला असतो तसाच.

गेल्या हंगामात हे माझ्यावरच आलं. ट्रॅक्टर दिवसाढवळ्या साईडपट्टीच्या खाली उभा होता, एका पिकअपने मागून ठोकला. चूक कुणाची यावर वाद नव्हता, पंचनाम्यातही तेच आलं. मडगार्ड, मागचा रिम, लिफ्टचे आर्म गेले. स्पेअर वेळेवर आले नाहीत आणि ट्रॅक्टर १९ दिवस गॅरेजला राहिला. पिकअपवाल्याने दुरुस्तीचे ३८ हजार दिले, माणूस वाईट नाही. पण भाड्याचं काढलं की म्हणाला, "काका, ते तुमचं तुम्ही बघा."

आता हिशेब बघा. रोटावेटर ९ एकर, १६०० रुपयांनी १४,४००. पेरणी ९ एकर, हजाराने ९,०००. मार्केटला सोयाबीनच्या दोन खेपा, अडीच हजाराने ५,०००. एकूण २८,४००. पण एवढे सगळे मागणं बरोबर नाही. माझा ट्रॅक्टर चालला असता तर डिझेल मलाच टाकावं लागलं असतं. ते सत्त्याण्णव लिटरच्या आसपास, म्हणजे ९ हजार धरा. ते वजा केले की खरं नुकसान १९,४०० रुपये. मागताना हा आकडा मागायचा. वाचलेलं डिझेल आपणच वजा करून दाखवलं की समोरच्याला आपल्याला लबाड म्हणायला जागा राहत नाही.

कायदा काय म्हणतो ते माझ्या वकील पुतण्याकडून नीट समजून घेतलं. मोटार वाहन कायदा १९८८ चा. त्यातल्या कलम १६५ खाली जिल्ह्याला मोटार अपघात दावा न्यायाधिकरण असतं. आपली समजूत अशी की तिथं फक्त मयताचे आणि जखमींचे दावे चालतात. तसं नाही, मालमत्तेच्या नुकसानीचाही दावा तिथं करता येतो. जिथं हे न्यायाधिकरण आहे तिथं असा दावा दिवाणी कोर्टात नेता येत नाही. अर्ज अपघात झाला त्या भागात किंवा आपण राहतो त्या भागात करता येतो. मात्र १ एप्रिल २०२२ पासून सहा महिन्यांची मुदत घातली आहे, म्हणून "सुगी झाली की बघू" म्हणत बसू नका.

"नो फॉल्ट" हा शब्दही लोक उलटा वापरतात. "माझी चूक नव्हती, म्हणजे नो फॉल्टमध्ये भरपाई मिळेल," असं म्हणतात. कायद्यात त्याचा अर्थ वेगळा आहे. कलम १६४ मध्ये मृत्यूला ५ लाख आणि गंभीर दुखापतीला अडीच लाख, चूक कुणाची हे सिद्ध न करता मिळतात. ट्रॅक्टर मोडला त्याला हे लागू नाही. तिथं समोरच्याची चूक दाखवावीच लागते, म्हणून पंचनामा आणि जागेवरचे फोटो लागतात. आणि आपली चूक असेल तर तेवढा हिस्सा कापला जातो. रात्री रिफ्लेक्टर नसलेली ट्रॉली रस्त्यावर उभी करायची आणि मग पूर्ण भरपाई मागायची, हे चालत नाही.

आपल्या स्वतःच्या फुल विम्याकडून भाडं मिळेल ही आशाही ठेवू नका. धडकेमुळं पुढं जे परिणामी नुकसान होतं ते देणार नाही, असं त्या पॉलिसीच्या अपवादांत लिहिलेलं असतं. राहिला समोरच्याचा थर्ड पार्टी विमा. धंद्याच्या गाडीला त्यात मालमत्तेच्या नुकसानीची मर्यादा साधारण साडेसात लाख असते, दुचाकीला एक लाख. पण हप्ता वाचवायला कुणी ती ६ हजारांवर आणलेली असते. म्हणून त्याच्या पॉलिसीची प्रत पहिल्याच दिवशी घ्या. कंपनी म्हणेल, मोडलेल्या वस्तूचे पैसे देतो, भाड्याचे नाही. तिथं भांडावं लागतं, आणि पुराव्याशिवाय भांडण टिकत नाही.

पुतण्याने इंग्लंडमधली एक गोष्ट सांगितली, ती मला फार पटली. तिकडं अपघात झालेल्याला उधारीवर गाडी देणाऱ्या कंपन्याच आहेत, त्या नंतर चूक करणाऱ्याच्या विमा कंपनीकडून भाडं वसूल करतात. उधारीचा दर अर्थातच जास्त. मग वाद असा की जास्तीचे पैसे कुणी द्यायचे? १९३३ साली तिथल्या हाऊस ऑफ लॉर्ड्सपुढं एका बुडालेल्या गाळ काढणाऱ्या जहाजाचा खटला आला. मालकाकडे दुसरं जहाज घ्यायला पैसे नव्हते, म्हणून त्याने महागड्या भाड्याने आणलं. निकाल असा लागला की पैसे नव्हते ही मालकाची अडचण, तो जादा खर्च मिळणार नाही. सत्तर वर्षांनी, २००३ साली, त्याच लॉर्ड्सनी हा विचार सोडला. एका गरीब माणसाच्या उभ्या गाडीला दुसरीने धडक दिली होती. रोख भाडं भरायची त्याची ऐपत नव्हती म्हणून त्याने उधारीवर गाडी घेतली. पाचांपैकी तीन न्यायाधीश म्हणाले, त्याला दुसरा इलाजच नव्हता, म्हणून जादा दरही चूक करणाऱ्यानेच द्यायचा.

ते निकाल आपल्या कोर्टावर बंधनकारक नाहीत, हे मला माहीत आहे. पण प्रश्न आपलाच आहे. आमच्याकडे रोटावेटर रोखीने १४०० आणि रास झाल्यावर द्यायचे तर १६०० एकरी. पेरणीच्या तोंडावर बियाणं-खत घेऊन रोख किती जणांकडे शिल्लक राहते? माझ्या हिशेबातले १८०० रुपये त्या उधारीचे आहेत. पैसे नसलेल्या माणसाला धडक दिली म्हणून ठोकणाऱ्याला सूट मिळावी, हे मला पटत नाही.

मात्र मागणाऱ्यानेही माप ठेवावं. ट्रॅक्टरची खरंच गरज होती का? आपल्याच ताकदीचा लावला का, की ४५ एचपीच्या जागी ६० चा? दर गावातल्या चालीचा होता का? आणि गॅरेजमधून गाडी सुटल्यावरही भाडं चालू ठेवलं नाही ना? या चारांची उत्तरं सरळ असतील तरच मागा. त्यासाठी कागद ठेवा. भाड्याच्या प्रत्येक कामाची तारीख, गट नंबर, एकर, दर आणि ट्रॅक्टरवाल्याची सही एका वहीत घ्या. पैसे फोनवरून पाठवा, म्हणजे नोंद राहते. गॅरेजवाल्याकडून गाडी आली कधी, सुटली कधी आणि स्पेअरची वाट किती दिवस बघितली, हे लिहून घ्या. तडजोडीच्या कागदावर "सर्व हिशेब पूर्ण" असं कुणी घालत असेल तर सही करू नका. मी "फक्त दुरुस्तीपोटी" असं लिहूनच ३८ हजार घेतले, म्हणून भाड्याचं दार उघडं राहिलं.

एकोणीस हजारांसाठी जिल्ह्याच्या चकरा मारायच्या तर हजेरीतच पैसे जातात, हे कबूल. म्हणून मी तालुका विधी सेवा समितीकडे अर्ज दिला. दावा दाखल करायच्या आधीच प्रकरण लोकअदालतीत ठेवता येतं, कोर्ट फी लागत नाही, आणि तिथं झालेला निवाडा कोर्टाच्या हुकूमनाम्यासारखा धरतात. दोघांची संमती मात्र लागते. वही, पावत्या, डिझेलची वजावट बघून पिकअपवाला १५ हजारांवर आला. दोन हप्त्यांत मिळाले. राहिलेल्या ४,४०० वर मी पाणी सोडलं, पण त्याने भाडं देणं लागतं हे मान्य केलं.

कृषी खात्यातली, विद्यापीठातली मंडळी हे पान वाचतात, त्यांना एक विनंती. वाफसा किती दिवस टिकतो आणि पेरणी लांबली तर उतारा किती घटतो, हे तुमच्या शिफारशींत असतंच. त्या त्या तालुक्यासाठी ते एका पानावर सही-शिक्क्यानिशी मिळालं, तर "थांबला असता तरी चाललं असतं" म्हणणाऱ्याला शेतकरी कागद दाखवू शकेल. आणि गावातल्या पंचांना सांगणं एवढंच, की पुढच्या तडजोडीला बसाल तेव्हा दुरुस्तीच्या बिलाशेजारी भाड्याची वहीही मागवा.