हे बळी कोणाच्या माथी?

थंडी पडली की महाराष्ट्रातल्या वर्तमानपत्रांत एक बातमी हमखास येते: गॅस गिझरमुळे बाथरूममध्ये गुदमरून मृत्यू. कधी नवरा-बायको दोघेही, कधी कॉलेजात जाणारी मुलगी. पोलीस अकस्मात मृत्यूची नोंद करतात, शेजारी हळहळतात, आणि दुसऱ्या दिवशी शेजारच्या घरात तसाच गिझर पुन्हा पेटतो. ज्या मरणाचे कारण ठाऊक, जागा ठाऊक, हंगामही ठाऊक, ते रोखायला कोणी बोट उचलत नसेल, तर त्याचे पाप आपल्या सर्वांच्या माथी आहे!

काय घडते त्या चार बाय सहाच्या खोलीत? दाराला आतून कडी, गारठा नको म्हणून खिडकीच्या काचाही मिटलेल्या. गिझरची ज्योत खोलीतला प्राणवायू खात सुटते. तो कमी पडला की गॅस अर्धवट जळतो आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही. सिलिंडर गळला तर नाक सावध करते, कारण त्या गॅसात मुद्दाम दुर्गंधी मिसळलेली असते; इथे तेवढीही सोय नाही. आपले हिमोग्लोबिन प्राणवायूपेक्षा २०० पटींहून अधिक ओढीने या विषाला धरून बसते. आधी डोके जड होते, मग मळमळते, मग पायांतले त्राण जाते. कडी हातभर अंतरावर असते आणि हात उचलत नाही. बाहेरच्यांना फक्त नळाचा आवाज ऐकू येत राहतो.

हे विष ओळखून कर्कश ओरडणारा अलार्म बाजारात मिळतो. धुराचा अलार्म वेगळा. तो छताला लावायचा, कारण धूर वर चढतो. रात्री आग लागली तर ज्वाळा पोहोचण्याआधी धूरच घात करतो, आणि गाढ झोपेत नाकाला वास कळत नाही. गळत्या सिलिंडरसाठीचा अलार्म तिसराच. एलपीजी हवेपेक्षा जड, म्हणून तो जमिनीलगत हवा. एकाचे काम दुसरा करत नाही, हे गिऱ्हाइकाला सांगणे विक्रेत्याचे कर्तव्य आहे. महिन्यातून एकदा बटण दाबून पाहावे, मुदत संपली की नवा आणावा. बस्स, एवढेच!

इंग्लंडात भाड्याच्या घरातल्या ज्या खोलीत बॉयलरसारखे इंधन जाळणारे उपकरण कायमचे बसवलेले असेल, तिथे घरमालकाने कार्बन मोनॉक्साइड अलार्म लावलाच पाहिजे, असा कायदा १ ऑक्टोबर २०२२ पासून आहे. आणि आपल्याकडे? २००६ चा अग्निसुरक्षा कायदा आहे, आग विझवण्याची यंत्रणा चालू असल्याचा, दर जानेवारी-जुलैत भरायचा ‘फॉर्म बी’ हा दाखला आहे; पण बाथरूमच्या दाराआड डोकावतो कोण? ९ जानेवारी २०२१ रोजी भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयात १० नवजात अर्भके आगीत आणि धुरात गेली. फायर ऑडिटच्या घोषणा दणाणल्या. त्याच वर्षी ६ नोव्हेंबरला अहमदनगरच्या जिल्हा रुग्णालयातल्या अतिदक्षता विभागातल्या आगीने ११ जणांचा घास घेतला. सरकारी रुग्णालयांची ही कथा, तर दोन खोल्यांच्या भाडेकरूला वाली कोण?

सोसायट्यांना कमानीला आणि सीसीटीव्हीला पैसे आहेत. विद्यार्थ्यांकडून आगाऊ डिपॉझिट मोजून घेणाऱ्या घरमालकाला धूर बाहेर टाकणाऱ्या नळीचा खर्च मात्र जड होतो! हा कंजूसपणा जीवघेणा आहे. सरकारने अलार्मविना गॅस गिझरची विक्री बंद करावी आणि घर भाड्याने देणाऱ्यावर अलार्म लावण्याची कायदेशीर जबाबदारी टाकावी. महापालिकांनी बंद बाथरूममधले गिझर शोधून काढावेत.

वाचकांनो, सरकारी आदेशाची वाट पाहू नका. तुमचा गॅस गिझर बाथरूममध्ये असेल तर तो आजच बंद करा. उघड्या हवेत हलवून अलार्म लावेपर्यंत पाणी चुलीवर तापवा, पण तो पेटवू नका.