रिगचं भाडं चालू, आमचा दादा घरी!

मॅडमनी मराठी विभागासाठी माझं नाव घेतलं तेव्हा सगळा वर्ग हसला. कारण मी कॉन्व्हेंटची! शुद्धलेखनाच्या चुका रूममेटने काढल्या आहेत, उरलेल्या माझ्या. पण मित्रांनो, या विषयात माझ्या कॉन्व्हेंटच्या इंग्रजीची जी फजिती झाली ती सांगितल्याशिवाय राहवत नाही.

माझे मामा धुळे जिल्ह्यात, शिंदखेडा तालुक्यात शेती करतात. त्यांचा मुलगा, म्हणजे आमचा दादा, डिप्लोमा मेकॅनिकल करून समुद्रातल्या ड्रिलिंग रिगवर लागला. खान्देशाला समुद्र नाही, त्यामुळे गावात त्याचा भाव काही विचारू नका! नोकरीचा कागद आला त्या सुट्टीत मी तिथेच होते. मामांनी तो माझ्या हातात दिला. इंग्रजी शाळेत शिकलेली घरात मी एकटीच. मी फाडफाड वाचून दाखवला. मामा म्हणाले, "आते सांग, काय लिखेल शे?" आणि मी गप्प! 'टर्मिनेशन फॉर कन्व्हिनियन्स' म्हणजे सोयीसाठी नोकरी संपवणे, एवढं कळलं. सोय कुणाची, ते कळलं नाही.

नंतर दादाकडून आणि लायब्ररीतून जे समजलं ते मामांना मी बोअरच्या गाडीवरून समजावलं. तामिळनाडूची नंबर प्लेट, रात्रभर घरघर, सकाळी शेतात पांढरा चिखल, हे दृश्य आपल्याकडे कुणी पाहिलं नाही? बोअरचा भाव फुटावर. पाणी लागो न लागो, फुटाचे पैसे मोजायचेच. म्हणजे जमिनीच्या पोटात काय आहे याची जोखीम शेतकऱ्याची. पण गाडी बिघडून दिवसभर उभी राहिली, तर तो दिवस गाडीवाल्याचा बुडाला.

समुद्रात फुटाऐवजी बहुधा दिवसाचा भाव असतो, त्याला 'डे रेट' म्हणतात. तेल शोधणारी कंपनी वेगळी आणि रिगची मालक कंपनी बऱ्याचदा वेगळी. आपल्या ओएनजीसीकडे स्वतःच्या रिग आहेत, तशाच टेंडर काढून, बऱ्याचदा तीन तीन वर्षांसाठी, भाड्यानेही घेतल्या जातात. उथळ समुद्रात जॅक-अप रिग लागते. ती आपले पाय समुद्रतळावर टेकवते आणि अंग पाण्याच्या वर उचलून धरते. (ओएनजीसीची 'सागर सम्राट' ही अशीच. जपानमध्ये बांधलेली, १९७४ साली मुंबई हायला तेल लागलं ते तिच्यामुळे. पुढे तिचं तेल उत्पादनाच्या फलाटात रूपांतर केलं आणि २०२२ पासून ती त्या नव्या रूपात आहे. आहेराच्या पाकिटात एक रुपयाची नोट आली तर मागची बाजू बघा, तिचंच चित्र आहे!)

आता गंमत बघा. रिगच्या करारात चोवीस तासांतला प्रत्येक तास कुणाच्या तरी नावावर असतो. ड्रिलिंग चालू, तर पूर्ण भाडं. हवा खराब आहे किंवा पुढचा आदेश यायचाय म्हणून रिग उभी, तर स्टँडबाय भाडं, थोडं कमी. एका जागेहून दुसरीकडे नेताना निराळा दर. रिगमध्येच बिघाड झाला तर ठराविक तास माफ, त्यानंतर शून्य. वादळ आलं तर काय, त्याचंही कलम तयार. दोन्हीकडचे वकील बसून आधीच ठरवतात की वाट पाहण्याचे पैसे कोण देणार. मला तर हा करार फार आवडला. एखाद्या सर्किट डायग्रामसारखा, एकही वायर लोंबकळत नाही.

पण दादाचा करार रिगमालकाशी नव्हताच! तो एका मॅनपॉवर काँट्रॅक्टरशी. त्यात वाट पाहण्याला एकच दर, शून्य. मागच्या वर्षी पुढची जागा ठरेना म्हणून रिग थांबली. मालकाला स्टँडबाय भाडं चालू, आणि दादाला "घरी जा, फोन करू." चाळीस दिवस तो शिंदखेड्याला मोबाईल उशाशी घेऊन झोपला. दुसरीकडे जायचीही बंदी. हेलिकॉप्टर पाण्यात पडलं तर त्यातून बाहेर कसं यायचं, याचं ट्रेनिंग घ्यावं लागतं. त्याची फीसुद्धा त्याने स्वतःच भरली होती, मामांनी कापूस विकून.

कुणी म्हणेल, एका काँट्रॅक्टरवरून सगळ्या धंद्याला का नावं ठेवतेस? बरं, मग मोठ्या गोष्टी बघू. २०१४ च्या मध्यापर्यंत तेलाचा भाव बॅरलला शंभर डॉलरच्या वर होता, २०१६ च्या जानेवारीत तो तिसाच्याही खाली आला. जगभर रिग नांगर टाकून उभ्या राहिल्या. २०२० मध्ये कोरोना आला आणि डायमंड ऑफशोअर, नोबल, व्हॅलॅरिस या बड्या रिग कंपन्यांनी अमेरिकेत दिवाळखोरीच्या कायद्याचा आसरा घेतला. कर्ज हलकं करून त्या पुन्हा उभ्याही राहिल्या. २०२४ मध्ये तर नोबलने डायमंडला विकतही घेतलं. कंपनीला पुनर्जन्माची सोय आहे (पुन्हा तोच शब्द!). घरी पाठवलेल्या ड्रिलरला कुठला कायदा?

हे झालं पैशाचं. २० एप्रिल २०१० ला मेक्सिकोच्या आखातात डीपवॉटर होरायझन रिगवर स्फोट झाला. रिग ट्रान्सओशनची, भाड्याने घेतलेली बीपीने, भाडं दिवसाला सुमारे ५ लाख डॉलर. काम आधीच लांबलं होतं, प्रत्येक दिवस महाग पडत होता. ११ माणसं गेली. त्यातले ९ ट्रान्सओशनचे, २ ड्रिलिंगचा चिखल पुरवणाऱ्या कंपनीचे. बीपीचा एकही नाही. आणि आपल्याकडे मे २०२१ मध्ये तौक्ते वादळात मुंबई हायजवळ पी-३०५ हा बार्ज बुडाला. ती रिग नव्हती, कामगारांच्या राहण्याचा बार्ज होता, त्यावर २६१ माणसं होती. तो आणि 'वरप्रदा' टग मिळून ८० हून जास्त जीव गेले. बहुतेक सगळे कंत्राटी. करारांच्या साखळीत जो सगळ्यात खालच्या कडीला, पाण्याच्या सगळ्यात जवळ तोच.

म्हणून जाऊच नये असं मी म्हणत नाही. पगार बरा असतो, काम शिकायला मिळतं, आणि बेकार बसून पारोळा-एरंडोल रस्त्यावरच्या टपरीवर चहा पिण्यापेक्षा समुद्र कधीही चांगला. रिगमालकाच्याही डोक्यावर करोडोंचं कर्ज असतं, हेही मला कळतं. माझं म्हणणं एवढंच, जी कलमं लोखंडाला मिळतात ती माणसाला का नाहीत? स्टँडबाय भाडं रिगला, तर स्टँडबाय पगार मेकॅनिकला का नको? आपल्या ट्रेनिंग-प्लेसमेंटवाल्यांकडे माझी मागणी आहे. 'टेल मी अबाउट युवरसेल्फ' आम्ही पाच वेळा घोकलं, आता एक तास ऑफर लेटर वाचायला द्या. पॅकेज किती ते सगळेच विचारतात. काम थांबलं तर कोण देणार, करार नक्की कुणाशी, सर्टिफिकेट कुणाच्या कपाटात राहणार, हे विचारायला कुणी शिकवत नाही. आणि नोकरीसाठी आधी पैसे मागणाऱ्या एजंटबद्दल मी वेगळं लिहायला नको.

असो. परवा दादाला दुसऱ्या रिगसाठी बोलावणं आलं. या वेळी सही करायच्या आधी त्याने कागद मला पाठवलाय, सतरा पानं. नवव्या पानावर स्टँडबाय हा शब्द सापडला आहे. तो रिगसाठी आहे की माणसासाठी, ते अजून वाचते आहे. मामांचा रोज रात्री हॉस्टेलवर फोन येतो.