रंग खरवडू नका, प्लीज!

कर्जत-खालापूरकडचं वीकएण्ड होम म्हटलं की फर्निचर ठरलेलं. मुंबईच्या फ्लॅटमधून रिटायर झालेला सोफा, वेताच्या दोन खुर्च्या आणि ओटीवर झोपाळा! पण हल्ली अनेकांना हवा असतो 'स्कॅण्डिनेव्हियन लुक'. तोही नवा कोरा नाही, तर जुना, रंगवलेला. धुरकट निळं कपाट, ताकासारखा पांढरा बाक, फुलं काढलेला पेटारा. २०२०च्या डिसेंबरात तुर्भ्याला आयकिया आलं आणि स्वीडन आपल्या शेजारी आलं. हे फर्निचर मात्र त्या स्वीडनच्या पणजीच्या काळातलं.

त्याची गंमत आधी समजून घ्या. स्वीडनचा राजा तिसरा गुस्ताव (राज्यकाळ १७७१ ते १७९२) फ्रेंच थाटावर फिदा होता. त्या थाटाची साधी, सरळ रेषांची स्वीडिश आवृत्ती म्हणजे 'गुस्तावियन' स्टाइल. लाकूड बहुतेक वेळा तिथलंच, पाइनचं. ते दिसायला साधं, म्हणून त्यावर रंग. आणि हिवाळ्यात सूर्य जेमतेम डोकावणार, म्हणून रंग फिकट, उजेड परतवणारे. थोडक्यात, इथे रंग हा वरचा मेकअप नाही, रंग हीच खरी वस्तू.

आता ही नाजूक पाहुणी माथेरानच्या पायथ्याशी आणून ठेवा. पावसाळ्यात लाकूड फुगणार, उन्हाळ्यात आकसणार. त्यात घर सोमवार ते शुक्रवार कडेकोट बंद! रंगाला पोपडे धरतात. मग कोणीतरी सुचवतं, 'घासून काढू, मस्त पॉलिश मारू.' इथेच थांबा. घासलंत की उरतं साधं पाइन. पैसे मोजले ते रंगाचे आणि तोच भुशात गेला. शिवाय जुन्या युरोपियन रंगांत शिसं असण्याची दाट शक्यता. ती धूळ मुलांच्या पोटात जाणं धोक्याचं. आपल्याकडेही घरगुती रंगांतल्या शिशावर ९० पीपीएमची मर्यादा लागू झाली ती थेट नोव्हेंबर २०१७पासून. म्हणजे आजोबांच्या रंगीत कपाटालाही हाच नियम.

पण रंगीत लाकडासाठी स्टॉकहोमच गाठायला हवं का? पनवेलहून कोकण रेल्वे पकडा, सावंतवाडी रोडला उतरा. गावात मोती तलावाकाठी राजवाडा आहे. गंजिफा, म्हणजे हातानं रंगवलेले गोल पत्ते, हे इथलं वैभव. दशावतारी गंजिफाचे १० रंग, प्रत्येकी १२ पानं, एकूण १२०. ही कला मरणपंथाला लागली होती, तेव्हा शिवरामराजे आणि सत्वशीलादेवी भोसले यांनी ती उचलून धरली. राजवाड्यातच कारागीर बसवले. पत्त्यांवरची तीच चित्रं मग पाट, चौरंग, खुर्च्या, टेबलांवर उतरली. चितारआळीत लाकडी खेळणी आणि फळं मिळतात ती वेगळीच. मुख्य म्हणजे हे काम कोकणच्या हवेतच जन्मलेलं. पोपडा उडालाच, तर तो दुरुस्त करणारा हात एका रेल्वे प्रवासावर आहे. स्वीडिश कपाटाचं तसं नाही!

तरी जुनं स्वीडिशच हवं? मग निदान पारखून घ्या. खरी झीज हात लागतो तिथेच असते: मुठीभोवती, कडीखाली, पायांच्या कडांवर. सगळीकडे सारखी झीज दिसली तर समजा, ती सॅण्डपेपरची करामत. ड्रॉवर उलटा करून बघा. आतलं लाकूड वयानं काळवंडलेलं हवं. बारीक भोकांतून ताजा भुसा पडत असेल तर कीड जिवंत आहे, सरळ परत फिरा.

आणि घरी आणल्यावर? भिंतीपासून चार बोटं लांब ठेवा. थेट ऊन नको. ओल्या फडक्यानं पुसू नका, मऊ, कोरडं सुती कापड पुरे. सुटलेला पोपडा ओढू नका, जाणकाराकडून चिकटवून घ्या. सगळ्यात महत्त्वाचं, पावसाळ्यातही घराची दारं-खिडक्या अधूनमधून उघडणारं कोणी हवं. तेवढं जमणार नसेल तर रंगीत कपाट शहरातल्या घरातच ठेवा आणि कर्जतला आपल्या वेताच्या खुर्च्याच बऱ्या!