बाइकचं हँडल बदललं तर दंड होतो का?

एक्सपल्ससारखी ट्रेल बाइक उभं राहून चालवताना हँडल खाली वाटतं, म्हणून बरेच जण बाहेरचं उंच हँडल बसवतात. पण हे कायद्यात बसतं का?

मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ सांगतं, की आरसीवरचे तपशील कंपनीच्या मूळ तपशिलांपेक्षा वेगळे होतील असा बदल चालणार नाही. २०१९ च्या दुरुस्तीनंतर बेकायदा बदलाला प्रत्येकी ५,००० रुपये दंड किंवा ६ महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. गोची अशी, की आरसीवर इंजिन, चासी नंबर असतो. हँडलचा उल्लेखच नसतो. मग ठरवणार कोण? बहुधा रस्त्यावर अडवणारा अधिकारी! (हीरोने २०२३ मध्ये हँडल रायझरसह आणलेल्या ‘प्रो’ मॉडेलला ही अडचण नाही.)

कायद्याआधी केबल तपासा. बाइक न्यूट्रलमध्ये सुरू ठेवून हँडल दोन्हीकडे पूर्ण वळवा. इंजिनचा आवाज चढला, तर थ्रॉटल केबल ताणली जातेय. ब्रेकची नळीही ताणत असेल तर बाइक बाहेर काढू नका.